मानमोडी: कोंबडीची आणि माणसाची

‘मानमोडी’ हा शब्द मराठीत दोन निरनिराळ्या आजारांना लागलेला आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत शिरलेल्या आणि काही महिन्यांत देशभर पसरून एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेणाऱ्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत ‘मानमोडीचा ताप’ म्हणत. आणि कोंबड्यांच्या ज्या रोगात पक्ष्याची मान पिळवटल्यासारखी एका बाजूला वळते, पाय लुळे पडतात आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते, त्या राणीखेत रोगालाही कोंबडीपालक मानमोडीच म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने या दोहोंच्या विषाणूंची कुळे अगदी वेगळी आहेत. लोकभाषा आजाराला नाव देते ते दिसणाऱ्या लक्षणावरून, आणि इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत लक्षण हाच सर्वांत अविश्वसनीय साक्षीदार ठरतो, कारण बर्ड फ्लूने मरणारी कोंबडी राणीखेतने मरणाऱ्या कोंबडीसारखीच दिसते आणि स्वाइन फ्लूचा ताप पहिल्या दोन दिवसांत कोणत्याही पावसाळी तापासारखाच वाटतो. लक्षणामागचा खरा विषाणू कोणता, हे तो पसरण्याआधी शोधून काढण्याच्या कामाला सर्वेक्षण म्हणतात, आणि ते काम माणूस व कोंबडी या दोघांसाठी एकाच वेळी का करावे लागते, हे समजून घ्यायचे तर आधी विषाणूची घडण पाहावी लागते.

कोंबड्यांच्या एका भयंकर साथरोगाची नोंद इटलीत १८७८ साली ‘कोंबड्यांचा प्लेग’ म्हणून झाली, माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३३ साली वेगळा काढता आला, आणि हे दोन्ही रोग एकाच कुळातल्या विषाणूंमुळे होतात हे सिद्ध व्हायला १९५५ साल उजाडले. या विषाणूंपैकी ‘ए’ प्रकार पाणपक्षी, कोंबड्या, डुकरे आणि माणसे अशा अनेक प्राण्यांत वावरतो. त्याच्या पृष्ठभागावर दोन प्रकारची प्रथिने असतात. हिमॅग्लुटिनिन, म्हणजे ‘एच’, हे विषाणूला पेशीला चिकटून आत शिरायला मदत करते. न्यूरामिनिडेज, म्हणजे ‘एन’, हे नव्याने तयार झालेल्या विषाणूंना पेशीपासून सुटे करते. पक्ष्यांत ‘एच’चे सोळाहून अधिक आणि ‘एन’चे नऊ उपप्रकार सापडले आहेत, आणि एच५एन१, एच१एन१ ही वर्तमानपत्रांतून परिचित झालेली नावे या दोन क्रमांकांच्या जोडणीतून बनतात. विषाणूची जनुकीय सामग्री आठ सुट्या तुकड्यांत विभागलेली असते, त्यामुळे एकाच प्राण्याच्या शरीरात दोन निरनिराळे इन्फ्लुएन्झा विषाणू एकाच वेळी शिरले तर पत्ते पिसावेत तशी तुकड्यांची सरमिसळ होऊन तिसराच विषाणू जन्माला येऊ शकतो. २००९ साली जगभर पसरलेला एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूचा विषाणू, असाच घडला होता. त्यात डुकरांच्या, पक्ष्यांच्या आणि माणसांच्या विषाणूंचे वारसे एकत्र आले होते.

पक्ष्यांचा विषाणू माणसाला सहजासहजी लागत नाही, कारण तो ज्या विशिष्ट रेणूला चिकटतो त्या घडणीचे रेणू माणसाच्या नाकाघशात कमी आणि फुप्फुसाच्या खोल भागात अधिक असतात. लागण अवघड, पण झालीच तर थेट फुप्फुसात, असे त्याचे स्वरूप आहे. २००३ पासून जगात एच५एन१ ची, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूची, लागण झालेल्या माणसांची अधिकृत नोंद ९०० हून अधिक आहे आणि त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले आहेत. भारतात या विषाणूने झालेला पहिला नोंदलेला मानवी मृत्यू जुलै २०२१ मधला, हरियाणातल्या अकरा वर्षांच्या मुलाचा आहे. अशा रुग्णांची संख्या लहान असली, तरी प्रत्येक रुग्ण म्हणजे विषाणूला माणसाच्या शरीराशी जुळवून घेण्याची मिळालेली एक संधी असते, म्हणून ती संधी कोंबडीच्या शेडमध्येच हिरावून घेणे हा सर्वांत स्वस्त आणि शहाणपणाचा उपाय ठरतो.

विषाणूला शेडमध्येच अडवणे किती अवघड असते, हे महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी अनुभवले. नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर हे गुजरातच्या सीमेला लागून असलेले कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र. २००६ च्या सुरुवातीला तिथल्या शेडमध्ये कोंबड्या हजारोंनी मरू लागल्या, आणि पहिला समज हा मानमोडीचाच, म्हणजे राणीखेतचा होता. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा अहवाल १८ फेब्रुवारी २००६ रोजी आला तेव्हा भारतातल्या कोंबड्यांमध्ये एच५एन१ प्रथमच सापडल्याचे स्पष्ट झाले. त्यानंतर बाधित शेडभोवतीच्या तीन किलोमीटर परिसरातले लाखो पक्षी नष्ट करण्यात आले, सीमेपलीकडे गुजरातच्या उच्छलमध्येही तीच कारवाई झाली, आणि पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यात विषाणू आढळला. तापाच्या संशयितांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले गेले आणि त्यांत एच५एन१ निघाला नाही, ही त्या दिवसांतली मोठी दिलाशाची बातमी होती. तरीही पहिली मर दिसल्यापासून अहवाल येईपर्यंतच्या काळात गाड्या फिरत होत्या, अंड्यांचे ट्रे एका गावातून दुसऱ्या गावात जात होते आणि मेलेले पक्षी मिळेल तिथे टाकले जात होते. सर्वेक्षणाच्या दृष्टीने नवापूरची खरी किंमत या हातातून निसटलेल्या दिवसांत मोजली पाहिजे.

हे दिवस वाचवण्यासाठी प्रयोगशाळेत काय करतात, हे जवळून पाहण्यासारखे आहे. संशयित पक्ष्याच्या श्वासनलिकेतून आणि विष्ठामार्गातून कापसाच्या काडीवर घेतलेला द्राव, म्हणजे स्वॅब, विषाणू टिकवून धरणाऱ्या द्रवात बुडवून बर्फाच्या डब्यात पाठवला जातो. पारंपरिक पद्धतीत तो नऊ ते अकरा दिवस उबवलेल्या कोंबडीच्या अंड्यात टोचतात, कारण वाढत्या गर्भाभोवतीच्या पाण्यात विषाणू झपाट्याने वाढतो. मग ते पाणी काढून, खोलगट खड्ड्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींबरोबर मिसळतात. विषाणू नसेल तर रक्तपेशी तळाशी जमून सदऱ्याच्या लाल गुंडीएवढा ठिपका दिसतो आणि ताटली तिरकी केली की तो ठिपका अश्रूसारखा ओघळतो. विषाणू असेल तर तो पेशींना एकमेकींशी बांधून ठेवतो आणि तळाशी ठिपक्याऐवजी एक पसरट फिकट जाळी तयार होते, जी ताटली कशीही धरली तरी हलत नाही. इथेही मानमोडीचा पेच सुटत नाही, कारण राणीखेतचा विषाणूही रक्तपेशी अशाच बांधतो. म्हणून पुढच्या पायरीवर ठरावीक विषाणूलाच ओळखणारी प्रतिपिंडे, म्हणजे एका विशिष्ट शत्रूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, वेगवेगळ्या खड्ड्यांत घालून कोणत्या प्रतिपिंडाने जाळीची पुन्हा गुंडी होते ते पाहतात, आणि तेव्हा विषाणूचे नाव उघड होते. आता आरटी-पीसीआर या, कोविडमुळे घराघरांत ठाऊक झालेल्या तपासणीत, विषाणूचा जनुकीय तुकडा थेट ओळखून हेच काम काही तासांत होते; आधी तो इन्फ्लुएन्झा ‘ए’ आहे का हे पाहतात आणि मग एच५ आहे का ते.

तास वाचले, तरी वाट लांबच राहिली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एखाद्या शेडमध्ये मर झाली तर पशुधन विकास अधिकारी नमुने घेतात, ते पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जातात, आणि अधिकृत घोषणा भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेच्या अहवालाशिवाय होत नाही. जिवंत विषाणू वाढवण्याचे काम कडेकोट बंदिस्त प्रयोगशाळेतच व्हायला हवे, त्यामुळे शेवटची मोहोर भोपाळची असणे योग्यच आहे. परंतु परभणी आणि उदगीर या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालये असलेल्या मराठवाड्याने प्राथमिक तपासणीसाठीही पुण्याकडे पाहावे, यात सुधारणेला नक्कीच वाव आहे. या विभागाला त्याची गरज आहे, हे गेल्या काही वर्षांनी पुरेसे दाखवले आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी एका बचत गटाच्या शेडमधल्या सुमारे ८०० कोंबड्या दोन दिवसांत मेल्या आणि ११ जानेवारीला बर्ड फ्लूचे निदान पक्के झाले. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात पन्नासहून अधिक कावळे मरून पडले आणि त्यांच्यातही हाच विषाणू निघाला.

कावळ्यांचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे. शेड झाकता येते, व्यवहार लपवता येतो, पण भर शहरातल्या बागेत झाडावरून पडणारा कावळा कोणाला लपवता येत नाही, त्यामुळे गावातल्या कोणाही माणसाने दिलेली खबर सर्वेक्षणाची पहिली नोंद बनू शकते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठणच्या नाथसागरावर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणारी बदके व हंस तिथे उतरतात. त्यांतला पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतो, आणि चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर २००५ साली एच५एन१ ने मेलेल्या हजारो रानपक्ष्यांत याच जातीचे हंस मोठ्या संख्येने होते. याचा अर्थ पाहुण्या पक्ष्यांना हाकलावे असा मुळीच नाही; अभयारण्याच्या काठाशी मेलेला पक्षी दिसला तर तो हाताने न उचलता वन विभागाला कळवणे आणि पाणवठ्याजवळच्या गावांत कोंबड्या व बदके उघड्या पाण्यावर न सोडणे, एवढी शिस्त पुरेशी असते. संभाजीनगर शहराच्या सिद्धार्थ उद्यानातल्या वाघांसाठीही हा विषय परका राहिलेला नाही, कारण डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने दगावले. अमेरिकेत तर मार्च २०२४ पासून हा विषाणू दुभत्या गाईंमध्ये आणि त्यांच्या कच्च्या दुधातही सापडू लागला.

शेडमधल्या मरीची वाट पाहण्यापेक्षा, निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यांचेही नमुने ठरावीक काळाने घेत राहणे याला सक्रिय सर्वेक्षण म्हणतात. त्यासाठी आठवडी बाजारासारखी जागा दुसरी नाही. संभाजीनगरच्या छावणीतल्या गुरुवारच्या बाजारात किंवा तालुक्यातल्या कोणत्याही बाजारात पाय बांधून टोपलीत ठेवलेल्या गावरान कोंबड्या दहा-वीस गावांतून आलेल्या असतात, न विकलेल्या संध्याकाळी परत जातात, आणि जाताना शेजारच्या टोपलीतला विषाणू घेऊन जाऊ शकतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी ४३ लाख कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते. एवढ्या पक्ष्यांवर नजर ठेवायची तर ती अशा नाक्यांवरच ठेवता येते. मोठ्या शेडमध्ये हेच काम रोजच्या नोंदवहीने होते. दिवसाला किती पक्षी मेले, किती खाद्य उठले, किती लिटर पाणी लागले, आणि अंड्यांची शेड असेल तर किती अंडी मिळाली, हे चार आकडे लिहिणाऱ्या माणसाला तुरा निळा पडण्याआधी आणि डोके सुजण्याआधीच काहीतरी बिनसल्याचे कळते, कारण आजारी कळप सर्वांत आधी खाणे कमी करतो.

पण कळले तरी कळवायचे का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो पैशाचा आहे. बर्ड फ्लू निश्चित झाला की आता बाधित ठिकाणाभोवतीच्या एक किलोमीटर परिसरातले सगळे पक्षी शास्त्रोक्त पद्धतीने नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंतचा भाग निगराणीखाली येतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रात जाहीर झालेल्या दरांनुसार नष्ट केलेल्या मोठ्या लेयर कोंबडीसाठी, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी, ९० रुपये, ब्रॉयलरसाठी ७० रुपये आणि अंड्यामागे ३ रुपये भरपाई होती. ही भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची असते, आधीच मेलेल्यांची नसते. कागदावर हा नियम लवकर खबर देणाऱ्याच्या बाजूचा आहे, कारण जितका उशीर तितके भरपाईला मुकलेले पक्षी जास्त. व्यवहारात मात्र शेड रिकामी झाल्यावर पुन्हा पिल्ले भरेपर्यंतचे महिने, बँकेचा हप्ता आणि ‘याच्यामुळे आमच्याही कोंबड्या गेल्या’ असे म्हणणारे शेजारी हे सगळे त्या शेतकऱ्याच्या वाट्याला येते. ज्याच्या एका फोनवर सारा जिल्हा वाचतो, त्याला त्या फोनची शिक्षा होत असेल, तर भोपाळची कोणतीही प्रयोगशाळा उपयोगी पडणार नाही. भरपाई आठवड्याभरात खात्यावर जमा होणे ही दया नव्हे, तो सर्वेक्षणाचाच खर्च आहे आणि त्याची तरतूद स्वॅबच्या काड्यांइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवी. ग्राहकाच्या भीतीचा भार पुन्हा त्याच शेतकऱ्यावर पडतो, म्हणून हेही स्पष्ट असावे की ७० अंश सेल्सिअसला नीट शिजलेल्या मांसात आणि अंड्यात हा विषाणू टिकत नाही. जपायचे असते ते कच्चे मांस कापताना आणि आजारी पक्षी हाताळताना.

माणसांच्या बाजूची यंत्रणा निराळ्या वाटेने वाढली. पुण्यातली विषाणू विज्ञान संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे इन्फ्लुएन्झावर लक्ष ठेवणारे जाळेही त्याच वर्षीचे. या जाळ्यातल्या प्रयोगशाळा वर्षभर विषाणू गोळा करतात आणि त्यांच्या आधारे फेब्रुवारी व सप्टेंबर अशी वर्षातून दोनदा लसीची शिफारस ठरते, कारण विषाणूची बाह्य प्रथिने थोडीथोडी बदलत राहतात आणि कालची लस आजच्या विषाणूला पुरी पडत नाही. महाराष्ट्रात इन्फ्लुएन्झाचा मोठा जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात असतो, त्यामुळे गरोदर स्त्रिया, मधुमेही, वृद्ध आणि रुग्णालयांतले कर्मचारी यांनी पाऊस सुरू होण्याआधी लस घेणे इष्ट. थंड देशांप्रमाणे हिवाळ्याची वाट पाहत बसले तर मोसम हातातून निघून जातो.

प्रत्येक सर्दी-तापाची तपासणी करणे शक्यही नाही आणि गरजेचेही नाही. म्हणून काही निवडक रुग्णालयांत दर आठवड्याला ठरावीक रुग्णांचे स्वॅब घेतात, आणि शितावरून भाताची परीक्षा करावी तसा त्यावरून साथीचा अंदाज बांधतात. त्यासाठी दोन व्याख्या जगभर सारख्या आहेत: गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आणि खोकला असेल तर तो फ्लूसदृश आजार, आणि त्यासाठी दवाखान्यात दाखल करावे लागले तर तो तीव्र श्वसनविकार. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात गावातली आरोग्यसेविका, दवाखान्यातला डॉक्टर आणि प्रयोगशाळा हे तिघे आपापल्या नमुन्यात नोंदी पाठवतात. पूर्वी आठवड्याने जाणारे हे कागद २०२१ पासून संगणकावरून जाऊ लागले. या नोंदींत एखाद्या उपकेंद्राचा आकडा अचानक चढला, तर निदान होण्याआधीच तिकडे माणूस पाठवता येतो.

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा महाराष्ट्राचा सगळा भार पुण्याच्या एकाच संस्थेवर पडला होता, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या घाटीतून, संशयितांचे स्वॅब सव्वादोनशे किलोमीटरवरच्या पुण्याला जात. २०१५ च्या साथीत राज्यात एच१एन१ ने नऊशेहून अधिक माणसे दगावली. या तापावरचे ओसेलटामिविर हे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. अहवालाची वाट पाहण्यात ते तास जाऊ नयेत म्हणून सौम्य, जोखमीचे आणि गंभीर असे रुग्णांचे गट पाडून, जोखमीच्या रुग्णाला तपासणीशिवाय औषध देण्याची पद्धत ठरवण्यात आली. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, घाटीत आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आरटी-पीसीआरची सोय उभी राहिली. त्या साथीने मराठवाड्याला दिलेली ही जमेची बाजू आहे, आणि यंत्रे व प्रशिक्षित हात इन्फ्लुएन्झाच्या कामाला जुंपून ती राखली पाहिजे.

माणूस आणि कोंबडी यांच्या वाटा कुठे मिळतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण मेळघाटचे आहे. अमरावती जिल्ह्यातल्या या डोंगराळ मुलखात कोरकू वस्त्यांमधल्या लहान मुलांच्या श्वसनविकारांचा, एका वेगळ्याच विषाणूसाठी, अभ्यास चालू होता. त्यात २०१९ च्या सुरुवातीला ताप, खोकला आणि धाप असलेल्या सतरा महिन्यांच्या एका मुलाचा स्वॅब घेतला गेला आणि पुण्याच्या तपासणीत तो एच९एन२ निघाला, म्हणजे कोंबड्यांत सर्रास वावरणारा, त्यांना फारसा न मारणारा, आणि भारतात माणसात प्रथमच नोंदला गेलेला विषाणू. मूल बरे झाले. कोंबड्यांशी त्याचा थेट संबंध आल्याचे आढळले नाही. मेळघाटात त्या दिवसांत कोणी स्वॅब घेत नसते तर हा ताप आला-गेला झाला असता, आणि कोंबड्यांची मोठी मर न करणारा विषाणू शेडमधल्या नोंदवहीतही उमटला नसता. अशा विषाणूचा माग काढायला माणसांचे आणि पक्ष्यांचे नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात. नागपूरला ‘एक आरोग्य’ या विचारावर उभ्या राहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली, ती याच गरजेतून.

गावपातळीवर ही जोडणी आजही एका कामात दिसते. बाधित शेडमधले पक्षी नष्ट करणाऱ्या पथकातल्या पशुधन पर्यवेक्षकांना आणि मजुरांना काम सुरू होण्याआधी संरक्षक पोशाख आणि प्रतिबंधक ओसेलटामिविर देतात, खड्डा चुना टाकून बुजवला जातो, तूस आणि खाद्य नष्ट होते, आणि त्यानंतर दहा दिवस आरोग्य कर्मचारी रोज त्या प्रत्येकाकडे जाऊन ताप मोजतो, खोकल्याची विचारपूस करतो. शेडमधले नमुने भोपाळला गेलेले असतात; या दहा दिवसांत कोणाला कणकण वाटली तर त्याच्या घशातला स्वॅब त्याच दिवशी बर्फाच्या डब्यातून पुण्याच्या वाटेला लागतो.